बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

चांगल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीला एका रात्रीत उतरवणं वाटतं तितकं सोपं नाही. डिकीतला पाच वॅटचा बल्ब रात्रभर जळत राहिला, तरी लहान मोटारीची निरोगी बॅटरी सकाळी इंजिन सुरू करून देते. असं असूनही मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी उन्हाळा तापू लागला की 'काल संध्याकाळी गाडी चांगली होती, आज सेल्फच मारत नाही' ही तक्रार सुरू होते. तिच्यावरचा रूढ उपाय एकच असतो: जुनी बॅटरी देऊन नवी बसवायची. चार-पाच हजार रुपये जातात, गाडी दोन-तीन आठवडे नीट चालते आणि एका सकाळी पुन्हा मुकी होते.

असं होतं, कारण उतरलेली बॅटरी हे लक्षण आहे. तापाच्या रोग्याचं थर्मामीटर बदलून ताप जात नाही. नेमका बिघाड शोधायला मोठं वर्कशॉप लागतंच असं नाही. दहा नंबरचा पाना, पाचशे-हजार रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणि थोडं अंकगणित एवढ्यावर बहुतेक प्रकरणांचा निकाल लागतो. ही साधनं वणी-करंजी रस्त्यावरच्या कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असतात. ती कोणत्या क्रमाने वापरायची, हे गाडीमालकालाही ठाऊक असलं पाहिजे.

एका रात्रीचा हिशोब

पेट्रोलवर चालणाऱ्या लहान मोटारीत साधारण ३५ एएच, म्हणजे ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. डिझेल गाड्यांना ६० ते ७० एएचची लागते. ३५ एएच याचा ढोबळ अर्थ असा, की एक अँपिअर करंट घेतला तर ती पस्तीसेक तास पुरेल. इंजिन फिरवायला स्टार्टर मोटरला मात्र शंभर-दीडशे अँपिअरचा झटका लागतो. तो एक-दोन सेकंदच लागत असल्याने एकूण साठ्यातला अगदी थोडा भाग खर्च होतो, पण एवढा झटका अर्ध्याअधिक रिकाम्या झालेल्या बॅटरीतून निघत नाही. म्हणून हॉर्न वाजतो, आतला दिवा लागतो, रेडिओही चालतो आणि सेल्फ मारला की फक्त 'टक टक' ऐकू येतं.

आता रात्रीचं गणित करू. भरलेल्या ३५ एएच बॅटरीतून साधारण २० अँपिअर-अवर निघून गेले, की सेल्फची खात्री उरत नाही. संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत बारा तास धरले, तर त्यासाठी पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट सतत वाहायला हवा. बारा व्होल्टवर तो वीस वॅट होतो. पाच वॅटचा बल्ब जेमतेम ०.४ अँपिअर घेतो, बारा तासांत पाच अँपिअर-अवर. म्हणजे सातवा हिस्सा. एवढ्याने निरोगी बॅटरी आडवी होत नाही. पार्किंग लाइट चालू राहिले तर पुढचे-मागचे चार बल्ब, नंबर प्लेटचा बल्ब आणि डॅशबोर्डचे दिवे मिळून दोन अँपिअर सहज जातात. बॅटरी उतरवायला तेवढी एक रात्र पुरते. हेडलाइट तर नऊ-दहा अँपिअर खातात, त्यांना तीन तासही लागत नाहीत.

या आकडेमोडीतून पहिला निष्कर्ष निघतो. बॅटरी खरोखर एकाच रात्रीत उतरत असेल, तर एक तर गाडीत काहीतरी मोठं चालू राहतंय किंवा संध्याकाळी बॅटरी भरलेली नव्हतीच. दुसऱ्या शक्यतेचेही दोन भाग पडतात. बॅटरी म्हातारी झाली असेल आणि ३५ एएचच्या डब्यात प्रत्यक्षात बाराच एएच मावत असतील, किंवा बॅटरी ठीक असेल पण इंजिनवर फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर तिला नीट भरत नसेल. तपासात या तीन संशयितांना एकेक करून बाजूला काढायचं असतं.

पहिली चाचणी: एक पाना, एक रात्र

सर्वांत स्वस्त चाचणीला मीटरही लागत नाही. संध्याकाळी गाडी फिरवून आल्यावर बॅटरीची निगेटिव्ह, म्हणजे काळ्या वायरीची क्लिप सैल करून काढा आणि टर्मिनलला लागणार नाही अशी बाजूला वाकवून ठेवा. काढताना नेहमी निगेटिव्ह आधी आणि लावताना ती शेवटी. उलट केलं आणि पाना पॉझिटिव्हवरून गाडीच्या पत्र्याला टेकला, तर तिथेच शॉर्ट होतो. सकाळी क्लिप पुन्हा लावून सेल्फ मारा. गाडी झटक्यात सुरू झाली, तर बॅटरी बरी आहे आणि रात्री गाडीच तिला खात होती. क्लिप काढूनही बॅटरी उतरली, तर दोष बॅटरीत आहे किंवा ती आदल्या दिवशी भरलीच नव्हती.

मल्टिमीटर असेल तर हीच गोष्ट आकड्यांत दिसते. शिसं आणि गंधकाम्ल यांच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. म्हणून रात्रभर आराम केलेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. गाडी बंद केल्याबरोबर घेतलेलं माप फसवं असतं, कारण चार्जिंगमुळे प्लेटांच्या पृष्ठभागावर थोडा वरवरचा दाब उरतो आणि आकडा फुगतो. खरं माप सकाळी, पहिला सेल्फ मारण्याआधीचं.

सेल्फ मारत असतानाचा आकडाही पाहून घ्या. निरोगी बॅटरी त्या वेळी साधारण साडेनऊ व्होल्टच्या खाली जात नाही. स्थिर असताना १२.५ दाखवणारी बॅटरी सेल्फला सात-आठवर कोसळत असेल, तर तिच्यात साठवण राहिलेली नाही. आणि भरूनही आकडा साडेदहाच्या आसपास अडकत असेल, तर एक सेल बसला आहे असं समजायचं. अशा बॅटरीवर कुठलाही उपचार चालत नाही.

दुसरी चाचणी: भरतेय का?

इंजिन चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. हेडलाइट, एसीचा पंखा आणि मागच्या काचेचा हीटर लावल्यावरही आकडा साडेतेराच्या वर टिकला पाहिजे. नवीन गाड्यांत संगणक अल्टरनेटरला कमी-जास्त करतो, त्यामुळे तिथे आकडा मधूनमधून खाली येतो. एका क्षणाच्या मापावरून अल्टरनेटरला दोषी ठरवू नये.

जुन्या मिस्त्रींची एक सवय इथे जिवावर उठते. इंजिन चालू असताना बॅटरीची क्लिप काढायची, गाडी चालू राहिली तर 'डायनामो ओके'. ज्या काळात गाडीत इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं, त्या काळात हे खपून जात असे. आज क्लिप निघताच व्होल्टेज क्षणभर कितीतरी पट उसळतं आणि इंजिनचा कंट्रोल युनिट जळू शकतो. बॅटरीची किंमत वाचवायला गेलेला माणूस त्याच्या कितीतरी पट खर्चात पडतो.

अल्टरनेटर उत्तम असूनही बॅटरी अर्धीच राहण्याचं एक कारण वापरात असतं. घरापासून बाजारापर्यंत, बाजारापासून तहसील कचेरीपर्यंत, दिवसातून चार वेळा सेल्फ आणि प्रत्येक वेळी पाच मिनिटांची फेरी. त्यात एसी चालू. अशा फेऱ्यांत सेल्फला दिलेलं जेमतेम परत येतं. शिवाय शिशाची बॅटरी पहिल्या टप्प्यात भराभर भरते आणि शेवटच्या वीस टक्क्यांना तासन् तास घेते. वणीपर्यंतच्या अर्ध्या तासाच्या एका फेरीने उतरलेली बॅटरी पूर्ण भरत नाही. ती भरायची तर दुकानात चार्जिंगला टाकावी, एएचच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ३५ एएचला साडेतीन अँपिअरने, दहा-बारा तास.

रात्री कोण जागं असतं?

अँबेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी बंद केली, की तिच्यात जवळपास काहीच चालू नसे. आजची गाडी लॉक केल्यावरही पूर्ण झोपत नाही. रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर, चोर-अलार्म, घड्याळ, रेडिओची आणि इंजिन कंट्रोल युनिटची स्मृती यांना थोडा करंट लागतो. तो २० ते ५० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या पन्नासाव्या ते विसाव्या हिश्श्याइतका असेल, तर ते नेहमीचंच आहे. त्याहून जास्त जे वाहतं, ती चोरी.

चोरांची यादी गाडीपरत्वे बदलते, पण काही नावं पुन्हा पुन्हा येतात. पहिला मान बाहेरून बसवलेल्या वस्तूंचा. म्युझिक सिस्टिमला साधारणपणे दोन सप्लाय वायरी असतात. पिवळी कायम चालू असलेल्या लाइनवर जाते, कारण तिच्यावर घड्याळ आणि स्टेशनं टिकतात. लाल चावीवर चालते. घाईत दोन्ही एकत्र जोडल्या, की टेप बंद दिसतो पण आतून जागा राहतो. अॅम्प्लिफायरची चालू-बंद करणारी बारीक वायर कायमच्या लाइनला लागली, तर अर्धा-एक अँपिअर रात्रभर जातो. डॅशकॅमचा 'पार्किंग मोड', सतत चालू असलेल्या सॉकेटमध्ये विसरलेला चार्जर, जीपीएस ट्रॅकर हे त्याच जातीचे. २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ट्रॅकर आणि आणीबाणीचं बटण बंधनकारक झालं, त्यामुळे काळीपिवळी किंवा टॅक्सी आठवडाभर उभी ठेवणाऱ्याने हा खर्च गृहीत धरावा.

दुसऱ्या फळीत गाडीच्याच सवयी येतात. डिकीचं झाकण किंवा दार पूर्ण बसत नाही, स्विच दबत नाही आणि आतला दिवा जळत राहतो. खात्री करायची असेल तर मोबाइलचा व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवा आणि झाकण लावा. अंधार झाला का ते नंतर पाहा. ग्लोव्ह बॉक्सलाही हीच युक्ती चालते. रिलेचे संपर्क चिकटले, तर चावी काढल्यावरही एखादं सर्किट चालू राहतं. चावीविना उघडणाऱ्या गाडीची चावी गाडीपासून दोन-चार हातांवर, ओसरीतल्या खुंटीला टांगलेली असेल, तर काही गाड्या तिच्याशी रात्रभर बोलत राहतात.

तिसरा चोर म्हणजे अल्टरनेटरच. त्याच्या आत डायोड असतात, करंट एकाच दिशेने जाऊ देणारे. एखादा डायोड फुटला की इंजिन बंद असताना करंट बॅटरीतून उलटा अल्टरनेटरकडे गळतो. हा चोर फ्यूज काढून सापडत नाही, म्हणून तो बरेच दिवस लपून राहतो. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला, तर तो पकडलाच म्हणून समजा.

आणि कापसाच्या पट्ट्यात उंदराला विसरून चालत नाही. वेचणीनंतर घराच्या पडवीत, छपरीत कापूस साठतो, त्याच छपरीखाली गाडी उभी राहते. बोनेटखालची ऊब आणि वायरींचा गुंता उंदराला घरटं करायला पुरेसा. कुरतडलेली वायर पत्र्याला हलकीशी टेकली, तरी गळती सुरू होते. बोनेट उघडल्यावर कापसाचे पुंजके, लेंड्या दिसल्या तर मीटर लावण्याआधी बॅटरीची टॉर्च घेऊन वायरींचा हार्नेस बघा.

मीटर लावायची रीत

करंट मोजायचा तर मीटर त्याच्या वाटेत बसवावा लागतो. मल्टिमीटरची लाल वायर '१० ए' लिहिलेल्या छिद्रात आणि काळी 'कॉम'मध्ये. गाडीत जे करायचं ते सगळं आधीच करून ठेवा: काच थोडी खाली, बोनेट उघडं. दार उघडं ठेवून काम करायचं असेल, तर त्याच्या कुलपाची जीभ स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल. मग रिमोटने लॉक करून चावी लांब न्या. आता बॅटरीची निगेटिव्ह क्लिप काढून ती आणि बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा. मीटर जोडलेला असताना सेल्फ कधीही मारायचा नाही आणि चावीही फिरवायची नाही. शंभर अँपिअर दहा अँपिअरच्या मीटरमधून गेले, तर निदान फ्यूज उडेल, नाहीतर मीटर जळेल.

सुरुवातीचा आकडा पाहून घाबरू नका. क्लिप पुन्हा जोडली जाताना गाडीतले युनिट जागे होतात आणि काही मिनिटं अँपिअरमध्ये करंट घेतात. मग एकेक जण झोपी जातो आणि आकडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. अर्धा तास, काही गाड्यांना तासभर द्या. शेवटी जो स्थिर आकडा उरतो, तोच खरा. ०.०३ आला तर गाडी निर्दोष. ०.४ म्हणजे कुठेतरी बल्ब. दीड-दोन अँपिअर म्हणजे रात्रीचा मोठा चोर.

चोराची गल्ली फ्यूज बॉक्समध्ये सापडते. बोनेटखाली एक आणि डॅशबोर्डखाली एक असे साधारण दोन बॉक्स असतात. एकेक फ्यूज उपसत जायचं आणि मीटरकडे लक्ष ठेवायचं. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, त्याच सर्किटवर दोष आहे. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये त्या फ्यूजवर काय काय चालतं ते लिहिलेलं असतं. मग त्यातली एकेक वस्तू वेगळी करून शोधायची. नवीन गाड्यांत फ्यूज काढून पुन्हा लावला की युनिट जागे होतात आणि सगळा खेळ पहिल्यापासून. तिथे फ्यूज न काढता त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मीटर मिलिव्होल्टवर ठेवून माप घेतात. शून्य असेल तर त्या फ्यूजमधून करंट जात नाही. अर्धा-एक मिलिव्होल्टही दिसला, तर जातोय.

सगळे फ्यूज संपले आणि आकडा हलला नाही, तर उरतात दोन वाटा. एक, बॅटरीच्या टर्मिनलवरून थेट ओढलेल्या वायरी, म्हणजे नंतर बसवलेल्या वस्तू. दुसरी, अल्टरनेटर. त्याची जाड वायर सोडवून, टोक टेप गुंडाळून झाकून पुन्हा माप घेतलं की निर्णय होतो. ती वायर सोडवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असलीच पाहिजे.

गाडीत काही सापडलं नाही, तर बॅटरीचा माथा तपासा. धूळ आणि आम्लाचा ओलावा मिळून त्यावर करंट वाहील असा थर जमतो. मीटरची एक टोकदार पिन टर्मिनलवर आणि दुसरी प्लॅस्टिकच्या झाकणावर ठेवली आणि व्होल्ट दिसले, तर बॅटरी स्वतःच्याच अंगावरून गळतेय. बुचं घट्ट लावून पाण्यात खायचा सोडा घालून पुसा, स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसा, टर्मिनलांवरची पांढरी-हिरवी बुरशी ब्रशने काढा आणि व्हॅसलीन लावा.

दुरुस्ती आणि तिच्या मर्यादा

चोर सापडल्यावर दुरुस्ती बहुतेक वेळा किरकोळ असते. दाराचा स्विच बदलणं, डिकीचा रबर सरकवणं, टेपच्या वायरी मूळ जागी लावणं, डॅशकॅम चावीच्या लाइनवर घेणं. नवी वस्तू बसवताना तिच्या वायरीवर बॅटरीजवळच स्वतंत्र फ्यूज हवा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार टाकणं म्हणजे वायरीला आग लागण्याची परवानगी देणं. वॉरंटीत असलेल्या गाडीची मूळ वायर कापून जोड मारला, तर त्या भागाची वॉरंटी जाण्याची शक्यता असते, म्हणून काम करणाऱ्याला तयार कनेक्टर वापरायला सांगा.

गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर निगेटिव्ह टर्मिनलवर कट-ऑफ स्विच बसवता येतो. त्याने घड्याळ, रेडिओची स्टेशनं, काही गाड्यांत काचांची 'एका दाबात वर' ही सोय पुसली जाते आणि अलार्मही बंद पडतो. ज्या गाडीत निगेटिव्ह क्लिपवर बॅटरी सेन्सर असतो, तिथे स्विच आणि चार्जरची क्लिप सेन्सरच्या गाडीकडच्या बाजूला लावायची असते, अन्यथा संगणकाचा हिशोब चुकतो. इंजिन सिग्नलला आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाड्यांना वेगळ्या बांधणीची, महागडी बॅटरी लागते. तिथे साधी स्वस्त बॅटरी बसवली तर ती अकाली मरते.

निर्दोष गाड्याही उतरतात

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि ती टप्प्याटप्प्याने ३१ मेपर्यंत वाढत गेली. महाराष्ट्रात शहरोशहरी, गावोगावी गाड्या आठवडेच्या आठवडे जागच्या हलल्या नाहीत, आणि बाहेर पडायची वेळ आली तेव्हा असंख्य गाड्या सुरूच झाल्या नाहीत. त्यांच्यात बिघाड नव्हता. ३० मिलिअँपिअर हा निर्दोष खर्चसुद्धा दिवसाला ०.७२ आणि महिन्याला साडेएकवीस अँपिअर-अवर होतो. ३५ एएचची बॅटरी उतरवायला तो पुरेसा आहे.

विदर्भात त्यात ऊन मिसळतं. बॅटरी काहीही न जोडता नुसती ठेवली तरी आतल्या रासायनिक क्रियेने थोडी थोडी उतरते. साधारण पंचवीस अंशांना हा वेग महिन्याला तीन ते पाच टक्के असतो आणि दर दहा अंशांना जवळपास दुप्पट होतो. यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, उन्हातल्या बोनेटखाली त्याहून जास्त. त्या उष्णतेने आतलं पाणी उडतं आणि प्लेटांची जाळी गंजते. थंड हवेत चार-पाच वर्षं चालणारी बॅटरी इथे दोन-तीन वर्षांत थकते. थंडीत गाडी सुरू होत नाही म्हणून आपण थंडीला दोष देतो, पण बॅटरीला मारलेलं असतं आदल्या उन्हाळ्याने.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवणं हा सर्वांत महागडा आळस. प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि मग चार्जर लावूनही साठवण परत येत नाही. सेल्फची बॅटरी पातळ प्लेटांची असते. झटका द्यायला ती बनवलेली आहे, तळापर्यंत रिकामी व्हायला नाही. इन्व्हर्टरची जाड ट्युब्युलर बॅटरी ते सोसते, ही सोसत नाही.

बुचं असलेल्या बॅटरीत पाणी फक्त डिस्टिल्ड टाका. यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड आणि क्षार जास्त आहेत. बोअरचं पाणी दिसायला स्वच्छ असलं, तरी त्यातले क्षार पाण्यासोबत उडत नाहीत, प्लेटांवर बसतात.

सकाळी निघायचंच असेल तर

धक्क्याची सवय जुन्या डिझेल जीप आणि ट्रॅक्टरवर पडली. त्यांचा डिझेल पंप यांत्रिक होता, चाकं फिरली की इंजिन पेटायचं. आजच्या गाडीत इंधनाचा पंप आणि इंजेक्टर दोन्ही विजेवर चालतात. बॅटरी पार मेली असेल तर अख्खी आळी ढकलायला लागली तरी इंजिन सुरू होत नाही. ऑटोमॅटिक गियरची गाडी धक्क्याने सुरू होतच नाही.

जंप केबलचा क्रम पाठ करावा असा आहे. लाल केबलचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळीचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीजवळ नको. वायर टर्मिनलला घासून 'करंट आहे का' पाहण्याची सवयही याच कारणाने सोडून द्यावी. विजेवर चालणाऱ्या मोटारीतही एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असतेच. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

नवी घेताना

चाचण्यांनंतर बॅटरीच दोषी ठरली, तर बदला. डब्यावरची निर्मितीची तारीख वाचा. महिनोन्महिने दुकानात न भरता पडून राहिलेली बॅटरी नवी नसते. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि विक्रीची तारीख घ्या. जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या, तिच्या बदल्यात किमतीत सूट मिळते. ती परत गोळा करून अधिकृत पुनर्वापराकडे पाठवण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारात गेलेली बॅटरी उघड्यावर फोडली जाते आणि तिचं आम्ल आणि शिसं मातीत, पाण्यात उतरतं.

आणि पैसे काढण्याआधी दुकानदाराकडून तीन आकडे कागदावर लिहून मागा: सकाळचं स्थिर व्होल्टेज, इंजिन चालू असतानाचं व्होल्टेज आणि गाडी झोपल्यावरचा करंट. पहिले दोन मिळायला दोन मिनिटं लागतात, तिसऱ्याला तासभर. तिसरा आकडा पन्नास मिलिअँपिअरच्या वर असेल आणि कोणी तरीही 'बॅटरीच बदला' म्हणत असेल, तर बॅटरी तिथेच ठेवा आणि मीटर लावणारा इलेक्ट्रिशियन शोधा.